मूडलमध्ये कार्ले लेणी मांडताना

पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये मूडल किंवा गूगल क्लासरूम यांसारख्या ऑनलाइन शिकवण्याच्या साधनाचा विषय काढा, दोन मतं हमखास ऐकू येतात. एकाचं म्हणणं असतं की हे फक्त काम वाढवतं, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येऊन गेली की कोणी उघडूनही बघत नाही. दुसरा सांगतो की याच्याशिवाय अंतर्गत मूल्यमापन करणं त्याला आता जमणारच नाही. दोघंही वर्षानुवर्षं शिकवणारे असतात आणि दोघंही खरंच बोलत असतात. एकाच साधनाचे वेगवेगळे भाग त्यांच्या वाट्याला आलेले असतात, म्हणून मतं इतकी लांब जातात.

तेव्हा साधनच उघडून त्याचे भाग एकेक करून पाहू. कोणत्या भागाबद्दल प्राध्यापक काय म्हणतात आणि तसं का म्हणतात, हे मग आपोआप कळत जाईल. उदाहरणासाठी एक घटक घेऊ. इतिहासाच्या द्वितीय वर्षाच्या वर्गासाठी ‘कार्ले लेणी’ हा दोन आठवड्यांचा घटक मूडलवर उभा करायचा आहे. वर्ग मावळातल्या एखाद्या महाविद्यालयातला. त्यात लोणावळ्याची आणि मळवलीची मुलं आहेत, कार्ले-वेहेरगावची आहेत, पवन मावळातल्या धरणाकाठच्या गावांतली आहेत आणि आंदर मावळातून पहिली एसटी पकडून येणारीही काही आहेत. लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाला तो चैत्य लहानपणापासून पाठ असतो, पण तिथल्या शिलालेखांत काय लिहिलंय हे त्यालाही सहसा कोणी सांगितलेलं नसतं. शिकवायला यापेक्षा चांगला विषय कुठला?

ही साधनं कोविडनं आणली असं अनेकांना वाटतं, पण ती बरीच जुनी आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग यांनी १९९५-९६ च्या सुमारास वेबसीटी हे असंच एक साधन तयार केलं. ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठात ते वेबसीटी सांभाळण्याचं काम मार्टिन डुगियामास यांच्याकडे होतं. त्याच्या मर्यादांना कंटाळून त्यांनी स्वतःचं साधन लिहायला घेतलं, आणि २० ऑगस्ट २००२ रोजी मूडलची १.० ही आवृत्ती बाहेर आली. ती मुक्त परवान्याखाली होती. कोणीही घ्यावी, आपल्या सर्व्हरवर बसवावी, हवी तशी बदलावी, परवाना शुल्क नाही. आपल्याकडच्या महाविद्यालयांना मूडल परवडलं ते यामुळे. गूगल क्लासरूम २०१४ साली आलं. आयआयटी मुंबईत मूडल कोविडच्या कितीतरी आधीपासून रोजच्या वापरात होतं.

मावळातल्या बहुतेक प्राध्यापकांची मात्र या साधनांशी गाठ पडली ती मार्च २०२० नंतर, आणि तीही तयारीला आठवडाभर न मिळता. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मावळात विजेचे खांब आडवे झाले, पॉलिहाउसं उडाली, गावंच्या गावं अंधारात गेली. शिकवणारा घरात, शिकणारा घरात, वीज कुठेच नाही. ज्या साधनाची पहिली ओळख अशा दिवसांत होते, त्याच्याविषयीचं मत त्या दिवसांची चव घेऊनच तयार होतं. आजच्या नाराजीत त्याचा वाटा मोठा आहे.

आता आत शिरू. मूडल म्हणजे सर्व्हरवर चालणारा एक प्रोग्राम आणि त्याच्या पाठीशी एक डेटाबेस. डेटाबेसमध्ये तक्ते असतात: वापरणाऱ्यांचा एक, अभ्यासक्रमांचा एक, कोण कुठल्या अभ्यासक्रमात आहे त्याचा एक, जमा झालेल्या गृहपाठांचा एक, असे शेकडो. वेहेरगावच्या एखाद्या मुलीनं फोनवर लॉगिन केलं की प्रोग्राम या तक्त्यांमधून तिच्यापुरत्या नोंदी उचलतो आणि तिचं पान तेवढ्यापुरतं जुळवून तिच्याकडे पाठवतो. म्हणून प्राध्यापकाला तेच पान वेगळं दिसतं आणि प्राचार्यांना आणखी वेगळं. कोणाला काय दिसावं आणि काय करता यावं हे त्याच्या भूमिकेवर ठरतं. ‘शिक्षक’ ही भूमिका असलेला मजकूर बदलू शकतो आणि गुणही देऊ शकतो. ‘संपादन न करणारा शिक्षक’ फक्त गुण देतो. विद्यार्थ्याला आपल्याच गुणांचा रकाना दिसतो.

प्राध्यापकांची पहिली तक्रार इथंच उगवते. मुलांची यादी भरणं, पासवर्ड विसरलेल्यांना तो पुन्हा देणं, तुकडी बदललेल्यांना हलवणं, हे काम कोणाचं? ज्या महाविद्यालयात या कामाला एक तंत्रसाहाय्यक नेमलेला असतो, तिथल्या प्राध्यापकांचं मत सौम्य असतं. जिथं ते प्राध्यापकाच्याच गळ्यात पडतं, तिथं जुलै-ऑगस्टचे प्रवेशाचे दिवस संपेपर्यंत त्याची सहनशक्ती संपलेली असते. यावर उपाय सोपा आहे. कार्यालयात प्रवेशाची यादी एक्सेलमध्ये असतेच. ती सीएसव्ही रूपात मूडलला दिली की शंभर-सव्वाशे खाती एकदमच तयार होतात. त्यासाठी कार्यालय आणि विभाग यांनी एकदा बसून यादीचे रकाने ठरवून घ्यावे लागतात, एवढंच.

अभ्यासक्रमाचं रिकामं पान तयार झालं की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे फाइल चढवणं. वहीतल्या नोट्सचे फोटो काढायचे, पीडीएफ करायची, अपलोड करायची. पुष्कळ ठिकाणी मूडलचा वापर इथंच संपतो, आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात स्टीव्हन लॉन आणि स्टेफनी टीस्ली यांनी प्राध्यापक आणि विद्यार्थी अशा दोघांनाही विचारून केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं होतं. साधनाचा मुख्य उपयोग साहित्य वाटण्यासाठी होत होता, आणि लोकांना त्याचं मोल वाटत होतं ते वेळ वाचतो म्हणून. शिकवण्याची रीत बदलते म्हणून मोल करणारे कमी होते. पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, एज्युकॉज या संस्थेच्या पाहणीत अमेरिकेतल्या ९९ टक्के संस्थांकडे असं साधन होतं आणि ८५ टक्के प्राध्यापक ते वापरत होते. पण वर्गाबाहेर मुलांशी देवाणघेवाण वाढवण्यासाठी ते वापरणारे होते ४१ टक्के.

फाइल चढवण्याला मी कमी लेखत नाही. आंदर मावळातला मुलगा बुडालेल्या तासाच्या नोट्स घरी बसून वाचू शकतो, ही गोष्ट लहान नाही. पण फाइल कशी आहे याला फार महत्त्व आहे. फोनवर काढलेला एक फोटो सहज चार एमबीचा असतो. वीस पानांच्या नोट्स म्हणजे ऐंशी एमबी. तोच मजकूर टाइप करून दिला तर एक एमबीसुद्धा होत नाही. रेंजचा एखादाच दांडा असलेल्या गावात ऐंशी एमबी उतरवायला अख्खी संध्याकाळ जाते आणि मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय फोटोतला मजकूर शोधता येत नाही, मोठा करून वाचायला गेलं की पुसट होतो, आणि ज्याला नीट दिसत नाही त्याला फोन तो वाचूनही दाखवू शकत नाही. आपल्या घटकासाठी म्हणून आपण दोनच गोष्टी ठेवू: चार पानांचा टाइप केलेला मजकूर आणि चैत्याचा साधा आराखडा. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये पानं आधी उतरवून घेऊन नंतर जोडणी नसताना वाचायची सोय आहे. महाविद्यालयाच्या वायफायवर उतरवून घ्यायचं आणि घरी वाचायचं, हे मुलांना एकदा वर्गात करून दाखवलं की पुरतं.

आता गृहपाठ. माझ्या मते मूडलमध्ये सर्वांत जास्त विचार करून बांधलेला भाग हाच आहे, आणि सर्वांत कमी विचार करून वापरला जाणाराही हाच. आपल्या घटकातला गृहपाठ असा ठेवू: चैत्याच्या स्तंभांवरचा किंवा ओवरीतला एक दानलेख निवडायचा, त्याचा फोटो काढायचा, देणारा कोण होता आणि त्यानं काय दिलं ते दहा ओळींत मराठीत लिहायचं. कार्ल्याला या कामाला भरपूर वाव आहे. वैजयंतीचा सेठी (श्रेष्ठी) भूतपाल आहे, सिंहस्तंभ देणारा महारथी गोतिपुत्र अग्निमित्रणक आहे, धेनुकाकट नावाच्या ठिकाणाहून आलेले यवन आहेत, ज्यांनी एकेका स्तंभाचा खर्च उचलला. ब्राह्मी मुलांना येत नाही, पण प्रत्येक लेखाचं वाचन छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ते सोबत दिलं की मूल अक्षरांवर बोट ठेवून पुढे सरकतं.

गृहपाठाला मूडल तीन तारखा विचारतं. पहिली कधीपासून स्वीकारायचं त्याची, दुसरी देय तारीख, तिसरी ज्यानंतर दारच बंद होतं ती. देय तारीख उलटल्यावर दिलेला गृहपाठ ‘उशिरा’ अशी नोंद होऊन जमा होतो. तिसरी तारीख उलटली की मात्र जमाच होत नाही. पुष्कळ प्राध्यापक दुसरी आणि तिसरी एकच ठेवतात. मग रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांनी रेंज गेलेल्या मुलाला काहीच मार्ग राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दारात उभा असतो. दोन तारखांत आठवड्याचं अंतर ठेवलं तर हा सगळा प्रकार टळतो. खरोखर अडचण आलेल्या एखाद्यालाच वेगळी मुदत द्यायची सोयही आहे.

आणि वार कोणता? सवयीनं मुदत रविवारी रात्रीची ठेवली जाते, कारण शनिवार-रविवार मुलांना मोकळे मिळतात असं गृहीत असतं. कार्ल्याच्या मुलांना रविवार मोकळा नसतो. लेण्यांलगतच्या एकवीरा आईच्या दर्शनाला मुंबई, ठाणे, रायगडातून कोळी आणि आगरी कुटुंबं येतात ती रविवारी. पायऱ्यांवरच्या हार-नारळाच्या, खेळण्यांच्या दुकानांत, खानावळींत, पार्किंगच्या पावत्या फाडायला घरातली कॉलेजची मुलंच असतात. चैत्राच्या यात्रेत आणि नवरात्रात तर आठवडाभर त्यांना डोकं वर काढायला मिळत नाही. पावसाळ्यात लोणावळ्याला गर्दी उसळते तेव्हा हॉटेलात, चिक्कीच्या दुकानात काम करणाऱ्यांचीही तीच गत. मंगळवार किंवा बुधवारची मुदत ठेवणं हे मूडलमध्ये एका क्लिकचं काम आहे. पण कोणता वार ठेवायचा हे मूडल सांगू शकत नाही. ते वर्गाला ओळखणाऱ्या प्राध्यापकालाच ठाऊक असतं.

गृहपाठ जमा झाला की तपासणं येतं, आणि इथं प्राध्यापकांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. १२० मुलांच्या तुकडीत एका गृहपाठाला चार मिनिटं दिली तरी ४८० मिनिटं होतात, म्हणजे आठ तास. पडद्यावर वाचून डोळे जड होतात ते वेगळंच. साधन हा वेळ नाहीसा करत नाही, थोडा कमी करतं. मूडलमध्ये निकषांची जाळी आधी आखून ठेवता येते: लेख बरोबर ओळखला का, दात्याचं नाव आणि ठिकाण दिलं का, स्वतःच्या शब्दांत लिहिलं का. प्रत्येक निकषासमोर तीन-चार पायऱ्या ठेवायच्या. तपासताना फक्त पायरीवर टिचकी मारायची, बेरीज साधन करतं आणि कुठं कमी पडलं ते मुलाला दिसतं. वारंवार लिहाव्या लागणाऱ्या शेऱ्यांचा साठाही करता येतो. असं केल्यावर चार मिनिटांची दोन होऊ शकतात. एका सेमिस्टरमध्ये असे तीनच गृहपाठ द्यावेत, दहा देऊ नयेत. दर आठवड्याला एक देण्याचा उत्साह दिवाळीपर्यंत टिकत नाही आणि न तपासलेला गृहपाठ मुलाला शिकवतो ते इतकंच, की कोणी वाचत नाही.

प्रश्नपेढी हा पुढचा भाग, आणि तिच्याबद्दलचा संशयही मोठा आहे. त्याला इतिहास आहे. अंतिम वर्षाच्या परीक्षा व्हाव्यात की नाहीत हा वाद २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २८ ऑगस्टला निकाल आला की परीक्षेशिवाय पदवी नाही, आणि ऑक्टोबरमध्ये पुणे विद्यापीठानं बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा घेतल्या. लॉगिन न होणं, पान अडकणं, उत्तरं जमा झाली की नाही हे न कळणं, हे अनेक घरांनी तेव्हा अनुभवलं. वर्षभर निबंधवजा उत्तरं लिहिणाऱ्या कलाशाखेच्या मुलाचं मूल्यमापन चार पर्यायांवर आलं, याचं दुःख मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना आजही आहे. ते रास्त आहे. चार पर्यायांतून विचारांची खोली मोजता येत नाही.

पण परीक्षा बाजूला ठेवून सरावासाठी प्रश्नपेढी पाहिली तर ती वेगळीच वस्तू ठरते. एक प्रश्न घेऊ: वालूरकच्या, म्हणजे प्राचीन कार्ल्याच्या, भिक्षूंना करजिक हे गाव दान दिल्याचा लेख कोणाचा? पर्याय चार: उषवदात, सातवाहन राजा, भूतपाल, अग्निमित्रणक. उत्तर आहे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात. आता मूडल प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र शेरा लिहू देतं. ‘सातवाहन राजा’ निवडणाऱ्याला शेरा दिसेल: तुमचा गोंधळ समजण्यासारखा आहे, याच गावाबद्दल सातवाहनांचा आदेशही कार्ल्यालाच कोरलेला आहे, तो नंतरचा, सत्ता बदलल्यावरचा. ‘भूतपाल’ निवडणाऱ्याला: तो वैजयंतीचा सेठी, त्याचा लेख शैलगृह पूर्ण केल्याचा आहे, गावाच्या दानाचा नाही. चुकलेल्या क्षणीच मुलाला कारण कळतं. वर्गात शंभर मुलांना एकेकट्यानं असं सांगणं कोणालाही शक्य नाही. प्रश्न एकदाच लिहायचे असतात, शेरेही एकदाच, आणि ते पुढच्या वर्षी तयार असतात. विज्ञान आणि वाणिज्य विभागातल्या ज्यांना मूडल मनापासून आवडतं, ते या भागामुळे.

चाचणी झाली की मूडल प्रत्येक प्रश्नाचा हिशेब मांडतं. किती टक्के मुलांना तो आला, हा एक आकडा. दुसरा अधिक मोलाचा आहे: एकूण चाचणीत चांगले गुण मिळवणाऱ्यांना हा प्रश्न आला आणि कमी मिळवणाऱ्यांना चुकला, असं झालं का? तसं झालं असेल तर प्रश्न मुलांमधला फरक नीट दाखवतोय. हा आकडा ऋण आला, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि बाकीच्यांचं उत्तर बरोबर आलं, तर बहुधा प्रश्नच सदोष आहे. शब्दरचना फसवी असेल, किंवा उत्तरतालिकेत चुकीचा पर्याय बरोबर म्हणून नोंदवला गेला असेल. छापील प्रश्नपत्रिकेच्या काळात असा दोष वर्षानुवर्षं लपून राहायचा. आपल्याच प्रश्नाची तपासणी करायची सोय प्राध्यापकाच्या हातात आली, ही मला या सगळ्या साधनांतली फार मोठी देणगी वाटते, आणि प्रशिक्षणात तिचा उल्लेख क्वचितच होतो.

सर्व्हर कोसळतो तो का, हेही इथंच समजून घेऊ. चाचणी चालू असताना मूडल दर मिनिटाला मुलाची उत्तरं आपोआप जतन करतं. तशी नोंद ठेवण्याचा मूळ अवधी साठ सेकंदांचा आहे. ६०० मुलं एकाच वेळी बसली तर सेकंदाला दहा वेळा डेटाबेसमध्ये लिहिलं जातं, आणि त्यावर लॉगिनची गर्दी. लहान सर्व्हरला दिवसभराची ये-जा झेपते, पण अकराच्या ठोक्याला सगळे आत शिरले की तो गुदमरतो. तुकड्यांना वेगवेगळ्या वेळा दिल्या की त्याच यंत्रावर काम निभतं. ही दर मिनिटाची नोंद मावळातल्या मुलांच्या फार उपयोगाची आहे. वीज गेली, फोन बंद पडला, तरी आधीची उत्तरं सर्व्हरवर असतात; वेळ उरला असेल तर मूल पुन्हा लॉगिन करून तिथूनच पुढे जातं. ही गोष्ट मुलांना आधी सांगितलेली असली तर त्यांची निम्मी धास्ती उतरते.

चर्चेचं पान मात्र आपल्याकडे बहुतेक ओस पडलेलं असतं. ‘कार्ल्याविषयी आपले विचार मांडा’ असं लिहिलं तर दोन मुली लिहितात आणि बाकीचे ‘छान’ म्हणतात. मुलं बोलतात ती व्हॉट्सअ‍ॅपवर. प्राध्यापकही तिथंच असतात आणि खरं सांगायचं तर वर्गाचा निम्मा कारभार तिथूनच चालतो. व्हॉट्सअ‍ॅप जिंकलं कारण ते आधीच हातात आहे, हलकं आहे आणि त्याला वेगळा पासवर्ड लागत नाही. पण तिथं प्रत्येक मुलीचा नंबर सगळ्यांना दिसतो, सूचना शुभेच्छांच्या लोंढ्यात वाहून जातात आणि दोन महिन्यांपूर्वीची फाइल उघडायला गेलं तर बऱ्याचदा उघडत नाही. सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि काम मूडलवर अशी वाटणी अनेकांनी आपापली शोधून काढली आहे. ती मला योग्य वाटते.

चर्चेसाठी मूडलमध्ये एक कमी माहीत असलेला प्रकार आहे. त्यात मुलानं स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय त्याला इतरांची दिसत नाहीत. आपल्या घटकात याला जागा आहे. प्रश्न ठेवायचा: एवढ्या दूरदूरच्या लोकांनी बोरघाटाजवळच्या या डोंगरातल्या विहारासाठी पैसे का दिले असतील? प्रत्येकाला आधी स्वतः विचार करून लिहावं लागतं. मग पडदा सरकतो आणि बाकीच्यांची उत्तरं समोर येतात: कोणी व्यापारी मार्ग म्हणतं, कोणी पुण्य म्हणतं, कोणी लिहितं की आजही एकवीरेच्या पायऱ्यांवर देणगीदारांच्या नावाच्या फरश्या आहेत. पुढच्या तासाला वर्गात बोलायला एवढं भांडवल पुरेसं असतं.

आता त्या भागाकडे येतो ज्याबद्दल प्राध्यापक सहसा दबक्या आवाजात बोलतात. मूडल प्रत्येक टिचकीची नोंद ठेवतं. कोणी कधी काय उघडलं, किती वाजता, कुठल्या जोडणीवरून. मुलांची तशी प्राध्यापकांचीही. मुलानं मजकूर उघडला एवढं नोंदीत दिसतं. वाचला की नाही हे दिसत नाही. तरी अहवालात ‘वापर’ म्हणून आकडे मोजले जातात ते याच नोंदींचे. नॅकच्या मूल्यांकनात माहिती-तंत्रज्ञानाच्या साधनांचा वापर विचारला जातो, मग अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडून निरोप येतो की प्रत्येकानं अमुक तारखेपर्यंत आपला अभ्यासक्रम मूडलवर टाकावा, स्क्रीनशॉट द्यावेत. अशा घाईत तयार झालेली पानं मुलांच्या कामाची नसतात. समिती गेल्यावर ती उघडली जात नाहीत, कारण ती मुळात मुलांसाठी केलेलीच नव्हती. सुरुवातीला सांगितलेल्या पहिल्या मताचा उगम इथं आहे.

त्याहून गंभीर प्रश्न तासिका तत्त्वावर (सीएचबी) काम करणाऱ्यांचा आहे. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत वर्ग चालतात ते सीएचबीवरच्या प्राध्यापकांच्या भरवशावर. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. शंभर चांगले प्रश्न, त्यांचे चारशे शेरे, निकषांची जाळी, टाइप केलेला मजकूर, हे उभं करायला लागणारे कित्येक तास कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत. वर्ष संपलं की नेमणूक संपते, लॉगिन बंद होतं आणि तयार केलेला अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या सर्व्हरवर राहतो. पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या कुणाला तो आयता मिळतो. या मंडळींनी मूडलविषयी थंडपणा दाखवला तर त्याला तंत्रज्ञानाची भीती म्हणणं अन्यायाचं आहे. वापरण्याचं कौशल्य त्यांच्यात बहुतेकदा कायम प्राध्यापकांपेक्षा जास्तच असतं.

नवं तंत्र माणूस का स्वीकारतो याचं एक जुनं उत्तर फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दिलं होतं. ते त्याला उपयोगी वाटलं पाहिजे आणि वापरायला सोपं वाटलं पाहिजे, या दोन गोष्टींवर सारं ठरतं. प्राध्यापकांच्या मतांचे पुढचे शेकडो अभ्यास याच दोन प्रश्नांभोवती फिरले. मावळात मला तिसरा प्रश्न तितकाच वजनदार वाटतो: केलेलं काम कोणाचं? विद्यापीठ अनुदान आयोगानं मे २०२१ मध्ये अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन घेण्याची कल्पना मांडली, त्याच वर्षी ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांच्या श्रेयांकांची मर्यादाही ४० टक्क्यांवर नेली. हा भाग जसजसा वाढेल तसतसा या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देणं टाळता येणार नाही. शिकण्याची साधनं तर आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मूडलवरचे धडे फुकट आहेत, आणि तिथल्याच सहना मूर्ती, श्रीधर अय्यर यांच्या गटानं ऑनलाइन अभ्यासक्रम शिकणाऱ्याच्या बाजूनं कसा बांधावा याची रीत हजारो प्राध्यापकांना शिकवली आहे. त्या रीतीत व्हिडिओतही मध्ये थांबून मुलाला विचार करायला, काहीतरी करायला लावलेलं असतं.

कामाच्या मालकीबाबत मूडलमध्येच एक सोय आहे, ती प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवी. अभ्यासक्रमाच्या पानावर ‘बॅकअप’ असा पर्याय असतो. तो निवडला की मूडल काय काय घ्यायचं ते विचारतं. तिथं मुलांची नावं, गुण आणि त्यांनी जमा केलेलं काम वगळायचं, कारण तो मुलांचा खासगी ऐवज आहे, बाहेर नेण्याचा हक्क कोणालाच नाही. मजकूर, प्रश्नपेढी, शेरे, निकष, चर्चेचे प्रश्न ठेवायचे. थोड्या वेळात एमबीझेड या प्रकारची एक फाइल तयार होते. टाइप केलेला मजकूर असेल तर ती इतकी लहान असते की स्वतःला मेलवर पाठवता येते. दुसऱ्या कुठल्याही महाविद्यालयाच्या मूडलवर ‘रिस्टोअर’ म्हटलं की सगळा घटक तिथं जसाच्या तसा उभा राहतो, तारखा मात्र नव्यानं घालाव्या लागतात. महाविद्यालयानं हा पर्याय शिक्षकांसाठी बंद ठेवला असेल तर तो उघडून देण्याची मागणी नेमणुकीच्या वेळीच, लेखी करावी. आणि सेमिस्टर संपायची वाट न पाहता घटक पुरा झाला त्याच दिवशी बॅकअप घ्यावा, कारण लॉगिन बंद झाल्यावर तो पर्याय दिसत नाही.